बरोबरवालं कार्ड

फुलर्टनच्या शाळेत लोरेन प्रुइट यांनी चौतीस वर्षं पाचवीला शिकवलं. त्यांच्या वर्गात दशांश अपूर्णांकांचा धडा बेसबॉलच्या कार्डांवर चालायचा. कार्डाच्या पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला, किती फटके लागले. भागाकार केला की आली सरासरी. गणिताला घाबरणारी मुलंही हा भागाकार आवडीने करत.

डग केसिंजर त्याच वर्गातला. बाई निवृत्त झाल्यावर तो त्यांच्या घरी आला. "बाई, मी कार्डं छापतोय. मागचे आकडे तपासायला तुम्हीच हव्यात."

तोवर कार्ड म्हणजे च्युइंगगमबरोबर मिळणारा पिवळट पुठ्ठा. डगने जाड, पांढराशुभ्र कागद आणला, नक्कल होऊ नये म्हणून कोपऱ्यात चमचमतं चिन्ह बसवलं, चंदेरी पाकीट केलं आणि किंमत दुप्पट लावली. लोक त्याला हसले. दोन वर्षांत गाळ्याचा कारखाना झाला आणि हसणारेच पाकिटांसाठी रांगेत उभे राहू लागले.

पहिल्याच वर्षी टार्व्हर नावाच्या पिचरचा फोटो उलटा छापला गेला. उजव्या हाताने चेंडू टाकणारा माणूस कार्डावर डावखुरा झाला. बाईंनी धावतपळत यंत्र थांबवून फोटो सुलटा करून घेतला. पण काही हजार कार्डं बाहेर गेली होती. आता त्या दुर्मीळ, चुकलेल्या कार्डाला संग्राहक चाळीस डॉलर देत होते. सुधारलेलं पाच सेंटलाही कोणी घेईना.

गेल्या शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात दहा वर्षांची मारिसोल पहिल्या वर्षाचं उरलेलं पाकीट फोडताना बाईंना दिसली. टार्व्हर निघाला. तिने तो नीट पाहिला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

"अगं, टाकतेस काय? चांगलं आहे की!"

"हे बरोबरवालं आहे, बाई. बरोबरवाल्याला कोण विचारतं?"

तिने मागची बाजू वाचलीसुद्धा नव्हती. घरी जाईपर्यंत बाईंच्या डोक्यात ते वाक्य खडा रुतावा तसं रुतलं.

मंगळवारी सकाळी नव्या हंगामाचा तपासणीचा कागद टेबलावर आला. त्यावर बाईंची सही झाल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता. तो नियम बाईंनीच घातलेला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे मॅब्रीचं कार्ड. फटके एक्क्याण्णव, प्रयत्न तीनशे पंचवीस. सरासरी शून्य पूर्णांक तीनशे ऐंशी सहस्रांश कुठून आली?"

डगने डोनटची साखर बोटावरून झटकली. "ती तशीच असू द्या, बाई. पहिली पन्नास हजार तशी जातील. मग तुम्ही चूक पकडायची, आपण दुरुस्त करायची. गेल्या वेळसारखंच."

"गेल्या वेळी ती चूक होती, डग. ही लबाडी आहे."

"लोकांना चूकच हवीय! एक सही करा ना. कुणाचं काय बिघडतंय?"

"आकडे ताडून पाहणाऱ्या मुलाचं. त्याला वाटेल, आपलाच भागाकार चुकला."

"ताडून पाहतं कोण, बाई? मुलं आता कार्डाला हातसुद्धा लावत नाहीत. सरळ प्लास्टिकच्या पिशवीत घालतात."

छपाई सांभाळणारा रूबेन अर्विझू दारात उभा होता. "मालक, लवकर ठरवा. शाई वाळतेय. आणि सहीशिवाय मी बटण दाबणार नाही हां. प्रुइटबाईंचा नियम आहे."

"मालकाची सही चालेल की नाही?"

रूबेनने बाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चालेल. मालकच तुम्ही."

बाईंनी एक कोरा कागद डगपुढे सरकवला. "आधी भागाकार कर."

"बाई, मी चाळिशीला आलो!"

"कर म्हणते ना."

डग हसला, पण बसला. तीनशे पंचवीस दुणे सहाशे पन्नास. एक्क्याण्णववर शून्य देऊन झालेल्या नऊशे दहातून वजा, उरले दोनशे साठ. तीनशे पंचवीस आठे सव्वीसशे. शून्य उरलं. बाईंना आशा वाटू लागली. डगने उत्तर लिहिलं, दशांशचिन्ह जागच्या जागी दिलं आणि खाली पट्टीने ओढाव्यात तशा दोन सरळ रेघा मारल्या. शून्य पूर्णांक दोनशे ऐंशी सहस्रांश.

"बरोबर?" त्याने विचारलं.

"बरोबर."

मग त्याच पेनाने त्याने तपासणीच्या कागदावर सही केली आणि कागद रूबेनकडे दिला. थोड्याच वेळात पलीकडून यंत्राची घरघर सुरू झाली.

बाईंनी पर्स उचलली, खुर्चीवरचा स्वेटर घेतला.

"रागावलात, बाई?"

"तुला येत नसतं ना डग, तर मी बसून पुन्हा शिकवलं असतं."

दारात कागदाच्या गठ्ठ्यांची ढकलगाडी आडवी लावलेली होती. ती त्यांनी स्वतःच बाजूला सारली आणि त्या बाहेर पडल्या.