पुंजाजीने पास केलेला मका

"काका, एकच रेघ आली," समीक्षा म्हणाली.

मलकापूरजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात पुंजाजी बावीस वर्षं मका पारखत आला होता. पोत्यात हात खुपसायचा, मूठभर दाणे हुंगायचे, दोन चावायचे आणि मान हलवायची. माल पास. यंदा मालकाने तपासणीच्या पट्ट्या आणल्या आणि त्या वापरायला समीक्षाला ठेवलं. आज पुंजाजीनेच बहिणीच्या घरून आणलेली मक्याची पुडी तिच्यापुढे ठेवली होती.

"म्हंजे खराब?"

"दोन रेघा आल्या असत्या तर चांगला. यात बुरशीचं विष आहे. पुष्कळ."

"पन दाना तर मोत्यावानी हाये वो बाई. वासबी न्हाई."

"ते दिसत नाही, काका. वासही येत नाही."

हा मका त्याने स्वतः निवडून बहिणीला, गोजरबाईला, दिला होता. दीड महिन्यात तिची दुभती म्हैस खंगून मेली. सुनेचा पायगुणच वाईट, म्हणत गोजरबाईने आशाबाईला लोणारला माहेरी धाडलं. पुंजाजी तेव्हा गप्प बसला होता.

संध्याकाळी त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ती रिकाम्या गव्हाणीपाशी जाऊन बसली.

"भाऊ, तूच जाय अन् तिले घेऊन ये. माही हिंमत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो लोणारला पोचला, तेव्हा आशाबाई अंगणात तूर पाखडत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "चूक माही हाये बाई. चाल घरी."

तिने सूप खाली ठेवलं.

"मामाजी, म्हैस मक्यावरून तोंड फिरवते, हे म्या पयल्याच हप्त्यात सांगतलं होतं. तुमालेबी."

"हाव. सांगतलं होतं."

"तवा तुमी दोन दाने चावले अन् हासले. आता पट्टीनं सांगतलं, तवा आले."

तिने त्याला जेवू घातलं. पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा. परत येण्याबद्दल ती बोलली नाही, त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

थांब्यापर्यंत ती त्याला सोडायला आली. एसटी लागल्यावर तिने पदर डोक्यावर सारखा केला, सासरच्या वडीलधाऱ्यासमोर करतात तसा, आणि वाकून नमस्कार केला. आशीर्वादासाठी पुंजाजीचा हात उठला, तिच्या डोक्यापर्यंत गेला, पण टेकला नाही.