हळद झाकावी की उघडी ठेवावी

इंझोरीच्या रंगूबाईला तीस वर्षांत हळदीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. हळद खणायची तिनं, शिजवायची तिनं, पसरायची तिनं. अक्कल मात्र नवऱ्याची, नानाजींची. यंदा नानाजी डोळ्याचा मोतीबिंदू काढायला कारंजाला गेले, मुलगा हरीओम सोबत गेला, आणि एसटीत चढता चढता नवऱ्यानं पहिल्यांदाच म्हटलं, "झाकायची कवा, उघडायची कवा, थे तू पाय. तुले समजते." दोन दिवस रंगूबाईचे पाय जमिनीला लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर सूचना आली. दुपारनंतर विजांसह पाऊस, गारपिटीची शक्यता.

खळ्यावर नऊ महिन्यांचं पीक पडलं होतं. शिजवून सहा दिवस झालेले, हळद अर्धीमुर्धी वाळलेली. अशी हळद भिजली की रंग जातो, बुरशी धरते. आणि भर उन्हात ताडपत्रीखाली कोंडली तर घाम सुटून काळी पडते. इकडे आड, तिकडे विहीर. वर पाहावं तर आभाळ निळंशार, आणि ऊन असं की अनवाणी उभं राहायची सोय नाही.

"एवढ्या उन्हात बरफ कुठून पडन व?" तिनं लेकीला विचारलं. वैभवी कारंजाला बीएस्सी करत होती. परीक्षा देऊन कालच घरी आली होती, आणि असं कोणी काही विचारावं म्हणून टपूनच बसली होती.

"उन्हानंच पडते, आई. जमीन तापली का तिले लागून असलेली हवा तापते. तापली का हलकी होऊन वर जाते. वर लय थंडी. तिथं वाफेचं पानी होते, ढग होते. पानी होतानी वाफेतली गरमी सुटते, म्हून हवा अजूनच वर चढते. आखरीले पान्याचा बरफ होते."

"म्हंजे तापते थे गार होते, अन् गार होते थे पडते."

"हो."

"मंग झाकू का नोको?"

वैभवीचा अभ्यास इथपर्यंत आला नव्हता.

सकाळी "झाकून टाक माय" म्हणणारी शेजारची ललिताबाई दुपारी ताडपत्र्या आणून ठेवलेल्या पाहून "सडवतं का काय हळद?" असं विचारून गेली. रंगूबाई उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी दोन वाजता मायलेकींनी ताडपत्र्या ओढल्या, कडांवर दगड ठेवले. तासाभरानं तिनं खाली हात घातला तर आत नुसती वाफ, आणि बोटांना ओलं लागलं. मावळतीला काळं चढत होतं, इथं मात्र पान हलत नव्हतं. नवऱ्यानं विश्वास टाकला तो नेमका याच वर्षी कसा, हे काही तिला उमजेना.

चारच्या सुमाराला वारा सुटला. गार, चांगला गार. घामेजलेल्या पाठीवर तो लागला आणि रंगूबाईच्या तोंडून आपसूक "हाऽश्श" निघालं. तिनं डोकं लावलं.

"वैभवी, चुलीतला इस्तो ओढला का कढईचा कढ बसते ना?"

"बसते."

"गरमीनं ढग होते म्हने तू. थे गरमी तं गेली. आता कायचा पाऊस?"

वैभवी डोळे मिटून, ओढणी पसरून वाऱ्यात उभी होती. "हो ना," ती म्हणाली.

दोघींनी भराभर दगड सारले, ताडपत्र्या काढल्या. हळदीलाही बरं वाटलं असेल.

दहा मिनिटांत बोराएवढ्या गारा आल्या. त्या ताडपत्री ओढायला धावल्या, तर वाऱ्यानं ती हिसकून थेट बाभळीवर नेऊन टाकली. मायलेकी टिनाच्या खोलीत दाराशी उभ्या राहून बघत राहिल्या. खळ्यावरून पिवळं पाणी वाहत होतं.

"थो गार वारा कुठून आल्ता?" रंगूबाईनं विचारलं.

वैभवीनं आधी भिजलेली ओढणी पिळली. "ढगातूनच," मग ती म्हणाली. "पाऊस पडतानी हवा थंडी होते, जड होते, खाली आदळते. अन् पावसाच्या पुढं पयते."

"तुले मालूम होतं?"

"पेपरात लिवलं मी, आई. पन अंगाले लागला तं इतकं बरं वाटलं, का आठोलंच नाई."

रंगूबाईला भयंकर राग आला, पण तो लेकीवर काढावा, ढगावर काढावा की स्वतःवर, हे ठरेना. तेवढ्यात फोन वाजला. नानाजी.

"कावं, झाकली होती ना?"

वाऱ्यानं ताडपत्री उडवली, असं सांगता आलं असतं. ते पुरतं खोटंही नव्हतं.

"झाकली होती," ती म्हणाली. "मंग उघडली."

"उघडली? काहून?"

"गार वाटलं म्हून." आणि तिला रडू फुटलं.



"इथंबी गार वारा सुटला होता," नानाजी हळूच म्हणाले. "लय बरं वाटलं. म्या म्हटलं, टळलं. तवाच तुले फोन लावून राह्यलो होतो, हळद उघड म्हून. लागला नाई."