मातीच्या माणसाची बोंब

खोटं वाटत असेल तर सौंदडला जाऊन मंदाबाई कुंभारणीचा उजवा अंगठा बघून या. विळ्यानं मधोमध चिरलेला. त्याच अंगठ्यानं तिनं एका माणसाचं नाक कापलं.

माणूस म्हणजे कुडव्याचे धर्मेंद्र सर, चित्रकलेचे. त्यांनी तिला मोबाईलवर मेक्सिकोच्या हजारो वर्षांपूर्वीच्या मूर्ती दाखवल्या. पूजेत ठेवायची मातीची माणसं. मांडी घातलेली, दात विचकलेली, पोटं पोकळ. एकाच्या पोटात तर शिट्टी. पाणी भरून कलतं केलं की बोंबलतो. मंदाबाईनं तशा अकरा मूर्ती घडवल्या. सरांनी गोंदियात प्रदर्शन मांडलं, पाटीवर स्वतःचं नाव. ती बघायला गेली तर पाहुण्यांना म्हणाले, "ही? आमच्याकडे भांडी घासते."

मंदाबाई तडक गावी परतली. मला, तिच्या शेजाऱ्याला, म्हणाली, "भाऊजी, पुढच्या खेपेले त्यालेच घासीन."

पुढच्या प्रदर्शनाला तिनं बारावी मूर्ती लाल फडक्यात बांधून आणली. "पाहुण्याच्याच हातानं सोडवा, सर." सरांना कल्पना फारच आवडली.

पाहुण्यांनी फडकं सोडलं. आत सरच! तीच दुहेरी हनुवटी, नाकावर तोच मस. पाणी ओतून कलतं केलं, तर मूर्ती अशी बोंबलली की गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवापुढचा दगडी नंदी उठून उभा राहिला. पुजाऱ्यानं शेपटी ओढून बसवला.

लोक हसले. सरांनी मूर्ती उचलून आपटली. मंदाबाई याचीच वाट बघत होती. सरांचा राग तिला ठाऊक होता.

तिनं खापर उचलून पाहुण्यांपुढे धरलं. पोकळ मूर्ती आतून अंगठ्यानं दाबून घडवतात. आत ओळीनं ठसे होते, प्रत्येक मधोमध चिरलेला.

"तुमची मूर्ती ना, सर? मग ठेवा अंगठा."

"मंदाबाई, लोक बघून राहिले..."

"काऊन? भांडी घासून झिजला का अंगठा?"

पाहुण्यांनी बाकीच्या मूर्तींत टॉर्च मारला. अकराही पोटांत तोच चिरलेला अंगठा.

दुसऱ्या दिवशी सर तिच्या नावाची पाटी घेऊन सौंदडला आले, हात जोडले. मंदाबाईनं चहा पाजला.

पण तेव्हापासून मारबतीला, गावची पीडा हाकलायच्या दिवशी, ती शिवेवर एक धर्मेंद्र सर बसवते. पाणी भरून बोंबलवते, मग फोडते. यंदा पाचवा फुटला. मी म्हटलं, "पुरे कर ना बाई आता."

"कायले, भाऊजी? माती कुठं सरून राहिली?"