शेवटच्या माणसाचं काम

काकू जंगलात एकट्या राहिल्या त्या वाट चुकल्या म्हणून नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक लगेच म्हणायला मोकळे, की गुडघे दुखतात तर घरी बसायचं होतं. काकू कुठेही चुकल्या नव्हत्या. त्यांच्या समोरची वाट त्यांच्याच नवऱ्याने सोडवून खिशात घातली होती.

आता वाट खिशात कशी घालतात, तेही ऐका. काकूंच्या कॉलनीतली काही मंडळी सुटीच्या दिवशी डोंगर चढायला जायची. त्यांची म्होरकी होती दातांची डॉक्टर, तरणीताठी, काटक बाई. तिने या खेपेला निवडलेली वाट कित्येक वर्षं वापरात नव्हती. डोक्याच्या वर गेलेले नेचे, त्यांवर वेली, त्या वेलींवर आणखी वेली, आणि मध्येच रानकेळीचं पान दार लावल्यासारखं आडवं. जनावरांच्या पायवाटाही इतक्या, की जरा चाललं की फाटा, जरा चाललं की फाटा. म्हणून पद्धत अशी ठरलेली: डॉक्टर कोयता घेऊन सर्वांच्या पुढे, आणि फाटा आला की खऱ्या वाटेवरच्या फांदीला ती नारिंगी कापडाची पट्टी बांधणार. शेवटचा माणूस ती सोडवून घेणार, म्हणजे जंगलात कचरा राहायला नको. चढायचं एका अंगाने, उतरायचं दुसऱ्या, आणि खाली मिनीबस उभी. शेवटच्याने शेवटीच राहायचं, एवढीच काय ती अट. यात न कळण्यासारखं काही आहे का?

त्या पट्ट्या काकूंनीच कापलेल्या. काकू हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर. बाद झालेल्या पडद्याचं कापड त्यांनी रीतसर विचारून आणलं होतं. दिवसभर वाफेत, खिडकी नसलेल्या खोलीत चादरींचे ढीग उपसणारी बाई ती. डोंगरावर जायचं म्हणून तिने दोन महिने रोज संध्याकाळी इमारतीला फेऱ्या मारून गुडघा तयार केला होता. यजमान गॅलरीतून बघून हसायचे. हे यजमान गोदामाचे इन्चार्ज म्हणून रिटायर झालेले. दिलेला माल मोजून परत घेण्यात त्यांचा उभा जन्म गेला, त्यामुळे शेवटच्या माणसाचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलं. दुसऱ्या कुणाकडे दिलं तर पट्ट्या हरवणार, ही त्यांची पक्की खात्री.

चढताना सगळं छान झालं. काकू घामाने निथळत होत्या आणि मनातून अशा खूश होत्या, की जळवा चिकटल्या तरी त्यांनी चिमटीत धरून निवांतपणे काढून टाकल्या. माथ्यावर डॉक्टरने त्यांची पाठ थोपटली. काकूंना ते इतकं गोड लागलं, की उतरताना गुडघ्याने कुरकुर सुरू केली तरी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

यजमान मात्र मागून च्-च् करत होते. पुढची मंडळी दिसेनाशी झाली, आता त्यांच्या हसण्याचा आवाजही येईना. शेवटी बांबूच्या एका बेटापाशी काकू म्हणाल्या, मी जरा आडोशाला जाऊन येते, तुम्ही इथेच थांबा. यजमान हूं म्हणाले. आता हूं म्हणजे हो, असं कुणीही शहाणं माणूस धरून चालेल.

काकू बाहेर आल्या तर यजमान नाहीत. हाक मारली, उत्तर नाही. असतील दोन पावलं पुढे, म्हणून त्या निघाल्या. पहिला फाटा आला आणि त्या जागीच थांबल्या. दोन्हीकडे सारखंच हिरवं. नारिंगी रंगाचं नखभर कापड कुठे नाही. बाई, माझ्याच हाताने कापलेल्या पट्ट्या, त्या म्हणाल्या. म्हणजे हा माणूस निघून गेला तो गेला, शिवाय जाता जाता पट्टीही सोडवून घेऊन गेला!

त्या डावीकडे गेल्या. तिथे काटेरी वेताने ओढणी धरली, दंड ओरबाडला, आणि पुढे वाट म्हणून काही उरलंच नाही. परत फिरताना त्यांना रडू फुटलं, पण रडण्यापेक्षा संताप मोठा होता. उन्हाचे कवडसे झाडांच्या शेंड्यांवर गेले होते. अंधार पडला तर या जंगलात त्यांना त्यांचाच हात दिसला नसता. उजवीकडच्या वाटेवर एक रानकेळ कोयत्याने तिरकी छाटलेली दिसली, पाणी अजून ठिबकत होतं. डॉक्टर इथूनच गेली. मग काकू छाटलेला देठ शोधायच्या, तिथपर्यंत जायच्या, तिथे उभ्या राहून पुढचा शोधायच्या. मध्ये दोनदा पाय घसरून बसल्या. गुडघा असा सुजला, की वाकेना. तोंडाने नवऱ्याच्या नावाने जे काही चाललं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग नेच्यांचा मोठा पट्टा लागला. तिथे काही छाटायची गरजच पडली नसावी, कारण एकही कापलेला देठ दिसेना. काकूंनी दोन्ही हात तोंडाशी धरले. त्या बेंबीच्या देठापासून ओरडल्या. पुन्हा ओरडल्या. आणि खालून शिट्टी ऐकू आली.

डॉक्टर एकटीच धापा टाकत वर येत होती. काकूंना बघून तिने त्यांना मिठीच मारली आणि ती त्यांची माफी मागत सुटली. तुमचा काय दोष, काकू म्हणाल्या. तेव्हा तिने चाचरत सगळं सांगितलं. यजमान खाली पोचले, तेव्हा तिने त्यांना रीतीप्रमाणे विचारलं होतं, मागे कोणी आहे का? ते म्हणाले, कोणी नाही. वर पट्ट्यांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवून म्हणाले, मोजून घ्या, एकही कमी नाही. सगळे नळावर गर्दी करून हातपाय धूत होते. बसमध्ये चढताना तिला काकूंची जागा रिकामी दिसली. विचारलं तर यजमान म्हणाले, येईल, मागेच आहे. ते स्वतः वर आले नाहीत, कारण त्यांनी बूट धुऊन नळाशेजारच्या कठड्यावर वाळत घातले होते.

चिंध्या मोजल्या, बायको मोजायची राहिली! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवून त्या उरलेली सगळी वाट उतरल्या.

बसमध्ये यजमान मोजे घालून आरामात बसले होते. काकूंच्या दंडावरचे ओरखडे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "किती उशीर! सगळे खोळंबले तुझ्यापायी."

काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. सगळी बस ऐकत होती.

"मागे कोणी नाही, असं तुम्ही सांगितलंत?"

यजमान ओशाळले वगैरे अजिबात नाहीत. उलट, एवढं साधं कसं कळत नाही अशा सुरात समजावून सांगू लागले. "अगं, ती ग्रुपमधल्या माणसांचं विचारत होती. तू काय, घरचीच."

 तेवीस वर्षं संसार केलेल्या बाईने यावर काय बोलावं? यजमानांच्या शेजारी न बसता काकू पुढे गेल्या आणि दाराजवळ, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसल्या. गुडघ्यावर डॉक्टरने ओला रुमाल बांधला. सुजलेल्या पायाला इकडून तिकडून सगळ्यांचे हात लागले, नवऱ्याचा तेवढा लागला नाही.

तेवढ्यात यजमानांना कठड्यावरच्या बुटांची आठवण झाली. ते लगबगीने मोज्यांवरच खाली उतरले. ड्रायव्हर तोवर चाकांना लागलेला चिखल बघून येऊन बसला होता. त्याने इंजिन सुरू केलं आणि आरशात न बघताच विचारलं, "झाले का सगळे? मागे कोणी आहे?"

डॉक्टरने तोंड उघडलं आणि काकूंकडे बघून मिटलं. सबंध बस मिठाची गुळणी धरून बसली.

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. "चला."

बस हलली. वळणापर्यंत जाते न जाते, तोच ड्रायव्हरची नजर आरशात गेली. दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन, मोज्यांतल्या पायांनी चिखल तुडवत कुणीतरी बसच्या मागे पळत येत होतं. ब्रेक दाबत तो म्हणाला, "मग ते कोण पळतायत?"

काकूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ते होय? ते घरचेच आहेत," त्या म्हणाल्या. "येतील मागून. तुम्ही चला."