अडथळ्याचे एकोणीस दिवस

"पावसाचे बारा दिवस धरले. वाळू मिळत नव्हती, ते दहा धरले. राहिले एकोणीस," मॅडम म्हणाल्या. "या एकोणीस दिवसांचं कारण काय लिहू?"

समोरच्या खुर्चीत ठेकेदार गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. "काही लिहू नका. उशीर झाला तो झाला. लावा दंड."

ऑफिसात त्याला सगळे ओळंबा म्हणत. दर हातभर बांधकामावर भिंतीला ओळंबा लावून बघायची त्याची सवय, आणि माणूसही तसाच, ना इकडे झुकणारा ना तिकडे. तीस वर्षांत त्याच्या बिलातून दंड कापायची वेळ कधी आली नव्हती. आता शाळेच्या सहा खोल्यांचं काम एक्केचाळीस दिवस उशिरा संपलं होतं. शेवटचं बिल अडकलं होतं, आणि कापायचं किती ते करार शाखेच्या मॅडमनी ठरवायचं होतं. लोकांच्या उशिराचे दिवस मोजण्यातच त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती.

"दंड लावला तर या कामात तुमच्या हाती राहील काय?"

"धुपाटणं राहील की," तो हसला. "तेल आणि तूप कुठं सगळ्यांच्याच नशिबात असतं?"

मॅडम हसल्या नाहीत. "पाया खणला, माती भुसभुशीत निघाली, काम थांबलं. पायाचा नवा नकाशा आमच्याकडून यायचा होता. तो कधी मिळाला तुम्हाला?"

"मिळाला ना."

"कधी?"

"मॅडम, राहू द्या."

त्यांनी आवक-जावक नोंदवही ओढली आणि तारखांवरून बोट खाली नेलं. नकाशा शाखेत आला चार तारखेला. बाहेर पडला तेवीसला. बोट तिथेच थांबलं.

चार तारखेला पहाटे त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात दाखल केलं होतं. नकाशा त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये, आणि पर्स तेरा दिवस दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या मांडीवर. नकाशा तपासून सही करणारं शाखेत दुसरं कुणी नव्हतं.

एका दुपारी त्या बाकाशी हा ओळंबा येऊन उभा राहिला होता. 'इकडे कुठे?' असं त्यांनी विचारलं, तर म्हणाला, 'असाच. वरच्या मजल्यावर एक ओळखीचा आहे.' पंधरा मिनिटं शेजारी बसला, खालून पाण्याची बाटली आणून दिली आणि निघून गेला. वरच्या मजल्यावर कोण आहे, कसं आहे, हे विचारायचंही त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं.

"त्या दिवशी किल्ली मागायला आला होतात ना तुम्ही?"

ओळंब्याने खिडकीकडे पाहिलं. "आलो होतो. पण तुमच्याकडे बघून विचारवेना."

"मग निदान पत्र द्यायचं! करारात सोय आहे. पंधरा दिवसांत लेखी कळवलं असतंत, तर हे दिवस आपोआप सुटले असते."

"काय लिहू पत्रात? ते दिवस तुमचे होते मॅडम. त्यांच्यावर मी कसा हक्क सांगू?"

तो गेल्यावर मॅडम नोंदवही घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब वयाने लहान, पण माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ठेकेदाराने लिहून दिलेलं नाही. मुदत टळली. विषय संपला, मॅडम."

"अडथळा नोंदवही आपण ठेवायची असते, साहेब. काम कुठे अडलं ते त्यात मी लिहायचं होतं. मी लिहिलं नाही."

"तुमच्यावर तेव्हा काय प्रसंग होता हे सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे. कागदावर नाही."

साहेबाने चष्मा काढला. "सात महिने राहिलेत निवृत्तीला. हात दाखवून अवलक्षण कशाला? वर गेलं की चौकशी लागेल. ते प्रसंग बघत नाहीत, सही बघतात."

"बघू द्या."

"मग रोजचा तक्ता द्यावा लागेल," साहेब शेवटी म्हणाला. "तारीख, अडथळा, जबाबदार कोण. एकेका दिवसाचा."

संध्याकाळी त्या घरी जेवणाच्या टेबलावर तक्ता आखत होत्या, तेव्हा मुलीचा फोन आला. सगळं ऐकून ती चिडली. "आई, सात महिने गप्प काढ ना! बाबा असते तर हेच म्हणाले असते."

"बाबा असते तर हे एकोणीस दिवस कशाला आले असते?"

मग मुलगी म्हणाली, "जेवून घे," आणि फोन ठेवला.

पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं, पायाचा सुधारित नकाशा करार शाखेत प्रलंबित. जबाबदार या रकान्यात स्वतःचा हुद्दा. पाच तारीख, तेच. आठ तारीख. आठला डॉक्टरांनी लांबच्या नातेवाइकांना कळवा म्हणून सांगितलं होतं. अकराला नवऱ्याला थोडी शुद्ध आली, तेव्हा घरचा गॅस बंद केलास का, एवढंच विचारलं होतं. बाराला काही नाही. सोळा तारखेच्या ओळीशी पेन अडलं. मग तिथेही त्यांनी तेच वाक्य लिहिलं. 'वरीलप्रमाणे' म्हणून भागलं असतं. ऑफिसात सगळे तेच करत. त्यांनी बावीस तारखेपर्यंत पूर्ण वाक्य एकोणीस वेळा लिहिलं, आणि खाली सही केली.

तेवीस तारखेला त्या कामावर हजर झाल्या होत्या. घर खायला उठत होतं. 'कामाला लागलात, बरं झालं,' असं सगळे म्हणाले आणि आपापल्या फायलींत मान घालून बसले.

निर्णय यायला चार महिने लागले. दंड माफ झाला. मॅडमना ताकीद मिळाली, एक वेतनवाढ गेली, म्हणजे पेन्शनही जन्मभरासाठी तेवढी कमी. साहेबाने तो कागद स्वतः आणून टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच परत गेला.

ओळंबा दंडमाफीचं पत्र न्यायला आला तेव्हा ऑफिस सुटायला आलं होतं. त्याने पोच दिली, पत्र न वाचताच घडी करून खिशात ठेवलं.

"आता पुढचं काम कुठलं?" मॅडमनी विचारलं.

"काम कसलं? मिक्सर विकला, फळ्या विकल्या. मजुरांना किती दिवस थांबा म्हणणार?"

मॅडमनी पोचेचा कागद फाइलला लावला. "हे पत्र आधी निघालं असतं तर..."

"असू द्या हो. गुडघेही कुरकुर करायला लागले होते."

एवढं बोलून तो उठेल असं त्यांना वाटलं. तो उठला नाही.

"मॅडम, एक विचारू? तुमचे यजमान शेवटी कसे गेले?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"सकाळी म्हणाले, दाढी कर माझी. वाढलेली त्यांना खपायची नाही. करायला घेतली. एक गाल झाला आणि त्यांचा डोळा लागला. म्हटलं, झोपू दे, दुसरा उठल्यावर करू." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "उठलेच नाहीत."

"मग?"

"मग नर्सला म्हटलं, पाच मिनिटं थांबा. दुसरा गाल केला. पाणी गार झालं होतं. पण कुठे लागू दिलं नाही."

"बरं केलंत," ओळंबा म्हणाला. "अर्धं ठेवून पाठवायचं नसतं."

शेजारची टेबलं रिकामी झाली. मॅडमनी डोळे पुसले आणि त्या चार तारखेच्या पहाटेपासून सांगू लागल्या. ओळंब्याने खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.