वादळानंतरचे दीडशे फूट

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. एके काळी मी दीडशे फूट लांब होते आणि पडद्यावर अडीच मिनिटं चालायचे. आता तेवढी उरलेली नाही.

माझ्यावर चित्र उमटलं ते एका बंदराच्या शहरात, मोठ्या वादळानंतर तिसऱ्या दिवशी. कॅमेरेवाला तेव्हा तिशीत होता. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. तिचं हँडल हाताने फिरवायचं, सेकंदाला दोन फेरे. हात थांबला की चित्र थांबलं. पायाखाली मोडक्या फळ्यांचा ढीग हलत होता, म्हणून त्याची बायको कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय घट्ट धरून बसली होती.

दुकानाच्या छपरावर चढून बसलेली होडी मी पाहिली. पुढची भिंत गेलेलं एक घर पाहिलं. त्याच्या वरच्या मजल्यावर पलंग होता आणि त्यावरची चादर विस्कटलीसुद्धा नव्हती.

मग फळ्यांखालून ठोकल्याचा आवाज आला. बायकोने तिपाई सोडली, ती ढिगापाशी धावली आणि वळून म्हणाली, "अहो, ते सोडा आणि इकडे हात लावा."

त्याने हँडल सोडलं. मी तिथेच संपते. त्या ढिगातून एक चांभार जिवंत निघाला, पण तो माझ्यावर नाही. त्याला काढत होते तेव्हा मला फिरवायला कोणी मोकळं नव्हतं.

पुढे दहा वर्षं माझे खेळ झाले. मला आवाज नाही. शेवटी तिचे ओठ हलताना दिसले की पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचं, "जेवायला बोलावतेय!" दाराशी तिकिटं फाडणारी ती तिथूनच म्हणायची, "यांना एकदा बोलावून कधी भागलंय?" सगळे हसायचे. कॅमेरेवालाही हसायचा.

खेळ संपला की माझं शेवटचं टोक बाहेर येतं आणि सुरुवात आत जाते. म्हणून तो मला रोज उलटी गुंडाळून ठेवायचा. फक्त एकदा राहिलं. खेळ संपता संपता शेजारीण धावत आली आणि म्हणाली, "ती घरात पडलीये, उठत नाही." त्याने मला तशीच डब्यात टाकली आणि धावला. आठ दिवसांत ती गेली.

त्यानंतर त्याने मला पाहिलं नाही. समुद्राची खारी हवा लागू नये म्हणून डब्याच्या कडेला मेण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. त्याने ते जपण्यासाठीच केलं. पण माझ्यासारख्या फिल्ममधून एक वायू निघत असतो. त्याला बाहेर जाता आलं नाही, की तो फिल्मलाच खातो. सव्वीस वर्षं तो मला खात होता.

म्हातारपणी त्याला कळलं, की जुन्या फिल्मची नवी प्रत काढून देणारी एक बाई आहे. तो डबा घेऊन तिच्याकडे गेला. तिच्या खोलीत खिडकीच्या उजेडात काम चाले. दिवा नाही, चूल नाही, कारण मी एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. सडलेले तुकडे पेटण्याआधीच बुडवायला टेबलाजवळ पाण्याने भरलेली मोठी बादली होती.

तिने डबा उघडला आणि उग्र वासाने लगेच तोंड फिरवलं.

"काका, हा डबा गरम झालाय. हिला आजच मोकळी करायला हवी. नाहीतर सगळीच पाण्यात टाकावी लागेल."

"शेवट तेवढा वाचवा. बाकी गेलं तरी चालेल."

"शेवट आत असणार. बाहेरचे वेढे चिकट झालेत, ते काढून टाकते."

तिने हातमोजे चढवले आणि लाकडी सुरी माझ्या वेढ्यांत घातली. मित्रांनो, त्याची बायको आत नव्हती. ती बाहेरच्या वेढ्यांतच होती, त्या तपकिरी चिकट भागात. मला ते ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. पहिला वेढा बादलीत गेला. पाण्यावर बुडबुडे आले. दुसरा गेला. तिसरा तिने चिमट्यात धरून उचलला.

"उलटी गुंडाळून ठेवली होती ना नीट?" तिने सहज विचारलं.

"रोज ठेवायचो," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "थांबा, बाई. त्या दिवशी नाही ठेवली. त्या दिवशी मला बोलवायला आले होते."

तिचा हात बादलीवरच थांबला. तिने तो वेढा पुन्हा टेबलावर आणला आणि भिंगाखाली धरला.

"बाई आहे एक. ढिगापाशी. वळून बघतेय."

तो खुर्चीत बसला.

संध्याकाळपर्यंत तिने एकेक चित्र सोडवलं. होडी वाचली, पलंगाचं घर अर्धं वाचलं. त्याच्या बायकोची एकतीस चित्रं वाचली. आठवड्याने नवी प्रत भिंतीवर चालवून दाखवताना ती म्हणाली, "दोन सेकंदही नाहीत, काका. फार थोडं हाती लागलं."

"तेवढंच बोलली होती ती," तो म्हणाला. "अजून एकदा लावा."

माझे उरलेले तुकडे आता भोकं पाडलेल्या डब्यात, थंड खोलीत आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी जुनं काही असेल, तर बंद करून ठेवलं म्हणजे जपलं असं समजू नका. वर्षातून एकदा ते उघडा, त्याला वारा लागू द्या. आणि त्यात काय आहे हे ज्याला आठवतं, त्याच्याजवळ बसून विचारा. त्या दिवशी प्रत काढणाऱ्या बाईने सहज विचारलं म्हणून निभावलं. नाहीतर मी आणि बादली यांच्यात दोन बोटांचंच अंतर राहिलं होतं.