तपासणीतला आवाज

औलू गावाच्या वर्तमानपत्रात हेल्का मोबाइल नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर लिहायची. गावातली तुइस्कु आणि स्वीडनची नोर्स्केन यांची वर्षानुवर्षांची चुरस. शेवटी नोर्स्केनने तुइस्कु विकतच घेतली. संपादक म्हणाला, "जिंकणाऱ्याची बातमी आण. रडगाणं नको."

नोर्स्केनचा प्रवक्ता विक्टर तिला तुइस्कुच्या जुन्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. आतल्या खोलीच्या भिंती आवाज गिळून टाकणाऱ्या. दार लागलं तसे हेल्काला स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू यायला लागले.

"आमच्या यंत्रातून आवाज किती स्वच्छ येतो बघ," म्हणत विक्टरने बटण दाबलं.

कुणीतरी खाकरलं. "हॅलो. औलूत बर्फ पडतंय. तुला ऐकू येतंय का?"

हेल्काने तो आवाज लगेच ओळखला. तो ताइस्तो होता, तुइस्कुचा इंजिनिअर. तिच्या बातमीतल्या चुका फोन करून हसत हसत सांगायचा. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"कोण हा?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. जुन्या लोकांचं रेकॉर्डिंग आहे. जगभर आमची यंत्रं ह्याच्याच आवाजावर तपासतात. दिवसभर बोलत असतो बिचारा."

हेल्का तिथून थेट ताइस्तोच्या बायकोकडे गेली. सिर्काने कॉफी ओतली, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला तिथं ने."

विक्टरने दोघींना आत सोडलं. सिर्का अंगातला कोटही न काढता उभी राहिली.

"तुला ऐकू येतंय का?"

"येतंय रे," ती हळूच म्हणाली. "इथंच आहे मी."

मग पलीकडून काही येईल म्हणून ती थांबली. यंत्राने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिनेही पुन्हा उत्तर दिलं. विक्टर खाली मान घालून उभा होता.

परतताना गाडीत हेल्काने विचारलं, "लिहू का हे? आवाज कुणाचा ते लोकांना कळू दे."

"नको गं. छापलंस की त्यांचे वकील जागे होतील आणि तो बंद करून टाकतील." सिर्का खिडकीबाहेर बघत राहिली. "सारखं विचारत राहतो, जीव तुटतो माझा. पण गप्प झालेलं मी एकदा बघितलंय त्याला."

बातमी छापून आली. कोणी कोणाला मागे टाकलं, बाजार कोणाकडे गेला, सगळं होतं. ताइस्तोचं नाव नव्हतं. सिर्का अधूनमधून त्या खोलीत जाऊन येते, विक्टर दार उघडून देतो. हेल्का मात्र पुन्हा तिकडे फिरकली नाही. नोर्स्केनने आणखी एखाद्या देशात बाजी मारल्याची बातमी आली की तिचे हात टायपिंग करता करता थांबतात. तिथल्या कुठल्यातरी बंद खोलीत आता ताइस्तो विचारत असेल, आणि त्याची भाषा समजणारं तिथं कुणी नसेल.